ग्रॅनोलाची खमंग अदलाबदल

दुकानात ग्रॅनोलाचं पाकीट हातात घेतलं की आधी किंमत दिसते आणि मग मागची यादी: मेपल सिरप, पेकान, क्रॅनबेरी, भोपळ्याच्या हिरव्या बिया. यातलं निम्मं आपल्या डब्यांत नसतं, त्यामुळे घरी करायचा विचार तिथेच थांबतो. पण हा पदार्थ जन्मापासून अदलाबदलीवरच वाढला आहे. त्याचं धान्य बदललं, गोडवा आणि सुकामेवा तर मागाहून आले. त्यातला प्रत्येक जिन्नस एक ठरावीक काम करतो. ते काम ओळखलं की बदली खेळाडू आपल्याच स्वयंपाकघरात सापडतो. काही खमंग गोष्टी आणि त्यांच्यासोबत घरच्या फडताळातल्या युक्त्या!

पहिल्या अवतारात ओट्स नव्हते

१८६३ साल. न्यूयॉर्क राज्यातल्या डान्सव्हिल गावी डॉ. जेम्स केलेब जॅक्सन आरोग्यधाम चालवत होते. त्यांनी कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या लाद्या भाजल्या, फोडल्या, पुन्हा भाजल्या आणि भरडल्या. नाव दिलं 'ग्रॅन्युला'. त्यात ओट्स नव्हते, मध नव्हता, बदाम तर नव्हतेच. आणि हे तुकडे इतके टणक होते की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय सकाळी चावता येत नसत.

एका अक्षराचा वाद

मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी गहू, ओट्स आणि मका घेऊन तशीच भरड बनवली आणि नावही तेच ठेवलं. जॅक्सन यांच्याकडून कायदेशीर हरकत आली. मग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'ग्रॅन्युला'चा 'ग्रॅनोला' झाला. म्हणजे ग्रॅनोला या नावाचा पहिला पदार्थ हाच मुळात दुसऱ्याच्या कृतीत धान्य बदलून तयार झालेला होता.

त्याच गावातून आणखी दोन पाकिटं

बॅटल क्रीकमध्ये उपचारासाठी आलेले सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी १८९७ मध्ये 'ग्रेप-नट्स' बाजारात आणलं. त्यात द्राक्षंही नाहीत आणि कठीण कवचाचा सुकामेवाही नाही. फक्त गहू आणि बार्ली. तर केलॉग यांचे धाकटे भाऊ विल कीथ यांनी १९०६ मध्ये कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली. जगाच्या नाश्त्याचा बराच मोठा भाग या एका गावात शिजला.

म्युसलीमध्ये राजा होता सफरचंद

ग्रॅनोला आणि म्युसली यांत फरक काय? ग्रॅनोला गोड पाक आणि स्निग्धांश लावून भाजतात. म्युसली भाजत नाहीत. झुरिकचे डॉ. मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णांसाठी म्युसली तयार केली. तिच्यात एक मोठं किसलेलं सफरचंद आणि भिजवलेले ओट्स जेमतेम चमचाभर असत, वर लिंबाचा रस, आटवलेलं दूध आणि थोडे दाणे. आज पाकिटात उलटं प्रमाण दिसतं: ओट्स ढीगभर, फळ नावापुरतं.

तीन हजार डॉलरची कृती

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रॅनोला जवळजवळ विस्मरणात गेला होता. साठच्या दशकात तो ओट्स, दाणे, बिया आणि गोडवा घेऊन परत आला. या पुनर्जन्माशी जोडलेलं एक नाव म्हणजे लेटन जेन्ट्री. त्यांनी १९६४ मध्ये आपली कृती एका कंपनीला तीन हजार डॉलरना विकली. पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागापुरते हक्क परत विकत घेतले आणि दुसऱ्या कंपनीला अठरा हजारांना विकले! 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना 'जॉनी ग्रॅनोला-सीड' म्हटलं.

वुडस्टॉकचा नाश्ता

ऑगस्ट १९६९. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर वुडस्टॉकचा संगीत महोत्सव भरला. सुमारे चार लाख माणसं जमली आणि खाण्याची टंचाई झाली. 'हॉग फार्म' या गटातल्या स्वयंसेवकांनी कागदी पेले भरभरून ग्रॅनोला वाटला. रंगमंचाजवळची जागा न सोडता खाता येईल, न शिजवता वाढता येईल आणि पोटाला आधार देईल असं दुसरं काय होतं? तिथून ग्रॅनोला घराघरांत गेला. १९७२ पासून मोठ्या कंपन्या त्याची पाकिटं विकू लागल्या आणि १९७५ मध्ये नेचर व्हॅलीची ग्रॅनोलाची वडी बाजारात आली.

इतिहास इथवर. आता कढईकडे वळू.

पाकिटातले ओट्स कच्चे नसतात

ओट्समध्ये गव्हापेक्षा कितीतरी जास्त तेल असतं आणि ते तेल फोडणारं एक विकरही असतं. दाणा तसाच ठेवला तर लवकर खवट होतो. म्हणून गिरणीतच त्याला वाफ देतात, मग लाटून चपटा करतात. आपण विकत आणतो ते रोल्ड ओट्स असे अर्धवट शिजलेले असतात. ग्रॅनोलासाठी हेच उत्तम. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेतले तर भुगा जास्त होतो. तेल थोडं कमी करा आणि भाजण्याची वेळही. स्टीलकट ओट्स मात्र बदली म्हणून चालत नाहीत. ते चपटे नसल्यामुळे भाजल्यावर खड्यांसारखे दाताखाली येतात.

पोहे: सगळ्यात जवळचे नातेवाईक

भाताला ओलावा आणि उष्णता देऊन चपटं केलं की पोहे, ओट्सला वाफ देऊन चपटं केलं की रोल्ड ओट्स. प्रक्रिया इतकी सारखी असताना बदल करायला भीती कशाची? पातळ पोहे किंवा भाजके पोहे निवडा. जाडे पोहे घेऊ नका. ते तळल्याशिवाय फुलत नाहीत आणि ओव्हनमध्ये चिवट राहतात. ओट्स आणि पातळ पोहे एकत्र वापरायचे असतील तर पोहे अर्ध्या वेळानंतर घाला, कारण ते फार लवकर तांबूस होतात. ज्वारीचे आणि नाचणीचे पोहेही हल्ली सहज मिळतात. ज्वारीची चव किंचित मातकट-गोड, गुळाशी तिचं चांगलं जमतं.

लाह्या शेवटी, नेहमी शेवटी

ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या आधीच फुललेल्या असतात. दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो, त्यात त्याचं भाजणं आटोपलेलं असतं. पाकात फार वेळ राहिल्या तर त्या आक्रसतात. म्हणून बाकीचं मिश्रण भाजून झालं की लाह्या मिसळा, वर थोडासा गरम पाक फिरवा आणि पाचच मिनिटं आच द्या.

उपवासाचा ग्रॅनोला आणि अमेरिका

ओट्स चालत नाहीत त्या दिवशी काय? राजगिऱ्याच्या लाह्या, शेंगदाणे, काजू, लाल भोपळ्याच्या बिया, खोबरं, गूळ आणि तूप. आता गंमत पाहा: राजगिरा, शेंगदाणा, काजू आणि लाल भोपळा या चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडांतल्या. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर आणला. मेक्सिकोत आजही फुलवलेला राजगिरा मधात किंवा तिथल्या गुळात घालून 'अलेग्रिया' नावाच्या वड्या करतात. आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीची ती सख्खी बहीण. उलट ओट्स मूळचे अमेरिकेतले नाहीतच, ते युरोप आणि पश्चिम आशियाकडचे. म्हणजे वाणावरून पाहिलं तर आपला उपवासाचा ग्रॅनोला अमेरिकेतल्या ग्रॅनोलापेक्षा जास्त अमेरिकी ठरतो!

मेपल सिरप नाही? काकवी आहे

एक लिटर मेपल सिरपसाठी झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. म्हणून ते महाग. आपल्याकडे कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत गूळ होण्याच्या आधी मिळणारी काकवी त्याच जागी, त्याच मापाने चालते. पातळ, गडद आणि चवीला भारदस्त. काकवी नसेल तर किसलेला गूळ एक-दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या. बुडबुडे आले की लगेच उतरवा. चिक्कीचा पाक होईपर्यंत थांबलात तर ओट्सना तो नीट लागायच्या आतच घट्ट होईल.

मध आधी जळतो, साखर नंतर

मधात फ्रुक्टोज भरपूर असतं आणि ते सुमारे ११० अंश सेल्सिअसला करपायच्या वाटेला लागतं. साध्या साखरेला तिथवर जायला १६० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून मध किंवा गूळ घातलेला ग्रॅनोला १७५-१८० अंशांवर ठेवला की बाहेरून काळा आणि आतून मऊ असा निघतो. १५० अंशांवर २५ ते ३५ मिनिटं हे बहुतेक घरगुती ओव्हनना मानवणारं गणित आहे. मध घातलेलं काहीही, भाजलेलं असलं तरी, एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका. मधात असू शकणारे बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू एवढ्या उष्णतेने मरतीलच याची खात्री नसते.

गोडवा फक्त गोडीसाठी नसतो

साखर पूर्ण काढून टाकली आणि तिच्या जागी स्टीव्हियाचे थेंब घातले तर गोड लागेल, पण ओट्स सुटे आणि कोरडे राहतील. पाकाचं काम आहे चिकटवणं आणि कुरकुरीतपणा देणं. तो कमी करायचा असेल तर हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागतं. इथे अंड्याचा पांढरा बलक धावून येतो. चार वाट्या कोरड्या मिश्रणाला एका अंड्याचा पांढरा बलक फेसून लावा. भाजताना त्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि दाण्यांना धरून ठेवतात. अंडं नको असेल तर जवस. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत बुळबुळीत होते आणि तेच काम बऱ्यापैकी करते. जवस दळूनच घ्या. अख्खा दाणा टणक सालीमुळे पोटातून तसाच निघून जाऊ शकतो.

पिकलेलं केळं किंवा खजुराचा गर घातला तरी चिकटतं, पण त्यांत पाणी बरंच असतं. तो ग्रॅनोला कुरकुरीत न होता चिवट-मऊ होतो. वड्या करायच्या असतील तर हेच हवं. वाटीत दुधाबरोबर खायचा असेल तर नको.

तेल, तूप की खोबरेल?

स्निग्धांश उष्णता सगळीकडे सारखी पोचवतो आणि पाक पातळ पसरवतो. लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. म्हणून लोण्याच्या जागी तूप घेताना थोडं कमी घ्या. खोबरेल सुमारे २४ अंशांना वितळतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत खोबरेलातला ग्रॅनोला छान घट्ट बसतो, कोकणच्या मे महिन्यात तोच बोटांना तेलकट लागतो. शेंगदाण्याचं तेल बारा महिने चालतं. पीनट बटर वापरलं तर त्याच्या वजनाचा निम्मा भाग तेलच असतो. तेवढं वरचं तेल कमी करा.

सुकामेव्याच्या दुनियेतले तोतये

शेंगदाणा हा सुकामेवा नाहीच; तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला, जमिनीखाली पिकणारा. बदाम हा पीचचा भाऊबंद. आपण खातो ते त्याच्या आठळीतलं बी. काजू फळाच्या आत नाही, बाहेर लटकतो आणि त्याच्या टरफलातलं तेल हात पोळवतं, त्यामुळे उष्णता दिल्याशिवाय तो आपल्यापर्यंत येतच नाही. ग्रॅनोलात मात्र यांचं काम एकच: दाताखाली येणं आणि खमंगपणा देणं. महागाच्या पेकानच्या जागी शेंगदाणे, हेझलनटच्या जागी काजू, खसखशीच्या जागी तीळ किंवा कारळे बिनधास्त घाला. एकच नियम: भाजलेले दाणे पुन्हा पूर्ण वेळ भाजू नका. ते शेवटच्या दहा मिनिटांत घाला, नाहीतर कडवट होतील.

मनुका ओव्हनमध्ये जायच्या नाहीत

एक किलो मनुकांसाठी साधारण चार किलो द्राक्षं लागतात. पाणी गेलेलं आणि साखर एकवटलेली. अशा मनुकांना आणखी अर्धा तास आच दिली की त्या फुगतात, करपतात आणि गार झाल्यावर दगड होतात. सगळी सुकी फळं भाजल्यानंतरच मिसळायची. क्रॅनबेरी आणायला दूर जायची गरज नाही. सांगलीचे बेदाणे आहेत, ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पुरंदरच्या प्रसिद्ध अंजिरांना आठवून सुकं अंजीर चिरून घाला. आंबट-गोड हवं असेल तर आंबापोळी किंवा फणसपोळी कात्रीने बारीक कापा. आवळकाठीचे तुकडे क्रॅनबेरीचा आंबटपणा तंतोतंत भरून काढतात.

ओव्हनमधून मऊच निघतो, घाबरू नका

हा सगळ्यात उपयोगी धडा. गरम ग्रॅनोला नेहमी मऊ लागतो. पाक तेव्हा दाट द्रव असतो. गार होताना तो काचेसारखा टणक होतो आणि तिथे कुरकुरीतपणा येतो. 'अजून झालं नाही' म्हणून जास्त भाजलं तर करपतो. रंग फिकट सोनेरी झाला आणि घरभर वास सुटला की बाहेर काढा. मोठे तुकडे हवे असतील तर उलथन्याने दाबून घ्या आणि पूर्ण गार होईपर्यंत अजिबात हलवू नका. पाक टणक व्हायच्या आत ढवळला की तुकडे सुटतात आणि पुन्हा जुळत नाहीत.

ओव्हन नसला तर

जाड बुडाची कढई घ्या. आधी दाणे, मग ओट्स मंद आचेवर कोरडेच भाजून बाजूला काढा. त्याच कढईत तूप आणि गूळ वितळवा, सगळं परत घालून पाच-सात मिनिटं परता. कढईत सारखं ढवळावं लागतं, त्यामुळे मोठे तुकडे होत नाहीत. त्यावर उपाय साधा: तूप लावलेल्या ताटात गरम मिश्रण ओता, वाटीच्या बुडाने थापा, गार झाल्यावर हाताने मोडा.

पावसाळ्यात सादळला?

साखर हवेतला ओलावा ओढते, आणि मध-गूळ जास्तच. ओलावा शिरला की तो काचेसारखा पाक पुन्हा चिकट होतो. घट्ट झाकणाचा डबा आणि कोरडा चमचा हे पथ्य. सादळलाच तर मनुका वेचून बाजूला ठेवा, १२० अंशांवर दहा मिनिटं गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या. खवट वास आला तर मात्र उपाय नाही, टाकून द्या.

तिखटाचाही प्रयोग करा

गोडवा एका चमच्यावर आणा, अंड्याचा पांढरा बलक किंवा भिजवलेला जवस वाढवा आणि मसाले बदला: कढीपत्ता, तीळ, कारळे, मिरपूड, मीठ, वर मेतकूट. मेतकूट भाजल्यानंतरच भुरभुरवा. त्यातली धान्यं आधीच भाजलेली असतात. हा ग्रॅनोला दह्यावर, काकडीच्या कोशिंबिरीवर किंवा गरम सुपावर घाला. गोडातही दालचिनीच्या जागी वेलची-जायफळ, व्हॅनिलाच्या जागी सुंठ घालून पाहा.

आरोग्याचं खरं चित्र

ओट्समधला बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतो. दिवसाला तीन ग्रॅमचं प्रमाण धरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयासाठीचा दावा छापायला परवानगी दिली. पण ग्रॅनोला म्हणजे नुसते ओट्स नव्हेत. २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने केलेल्या पाहणीत ७१ टक्के सामान्य अमेरिकी लोकांना ग्रॅनोलाची वडी आरोग्यदायी वाटत होती. आहारतज्ज्ञांपैकी मात्र फक्त २८ टक्क्यांना. कारण तेल आणि साखर. १०० ग्रॅम ग्रॅनोलात सर्वसाधारणपणे ४५० ते ५०० कॅलरी असतात. वाटी भरून नको. ४०-५० ग्रॅम पुरे, आणि सोबत दही व ताजं फळ. ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नसतं, पण गव्हाबरोबर पिकताना-दळताना मिसळतं. सिलिअ‍ॅकचा त्रास असेल तर ग्लुटेनमुक्त असं लिहिलेलेच ओट्स घ्या.

हे प्रमाण लिहून ठेवा

- चपटं धान्य: ३ वाट्या (ओट्स, पातळ पोहे, ज्वारीचे पोहे)
- दाणे आणि बिया: १ वाटी
- गोड: पाव ते अर्धी वाटी (मध, काकवी, गुळाचा पाक)
- तेल किंवा तूप: पाव वाटी
- मीठ: अर्धा छोटा चमचा, हे विसरू नका, गुळाची चव त्यानेच उठते
- सुकी फळं: अर्धी वाटी, भाजल्यानंतर

धान्याच्या जागी धान्य, चिकटवणाऱ्याच्या जागी चिकटवणारं, स्निग्धाच्या जागी स्निग्ध, हा एकच नियम पाळा. एका वेळी एकच जिन्नस बदला, म्हणजे काय जमलं आणि काय बिघडलं ते नेमकं कळेल. पहिली खेप निम्म्या प्रमाणात करा, डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहा. दीडशेहून जास्त वर्षं लोक या पदार्थात आपापल्या घरचं काहीतरी घालत आले आहेत. या रविवारी तुमच्या फडताळात जे असेल ते घाला.